डबा रिकामा निघाल्यास

चकतीकाकांच्या दुकानात मांडणीवरचा प्रत्येक डबा रिकामा असे. ही गोष्ट त्या रस्त्यावर लहानाच्या मोठ्या झालेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त काकांच्या मेहुण्याला. आणि दुकान मिटवण्याच्या विक्रीच्या दिवशी गल्ल्यावर नेमका तोच बसला होता.

दुकान व्हिडिओ गेमचे. खेळांच्या चकत्या महाग आणि पोराटोरांचे हात चपळ, म्हणून काकांनी अगदी सुरुवातीलाच एक शिस्त लावून घेतली होती. मांडणीवर नुसते डबे ठेवायचे: रंगीत, दिमाखदार आणि पोकळ. चकत्या मात्र गल्ल्यामागच्या लाकडी कपाटात, खणाखणांतून, कागदी पाकिटांत निजलेल्या. गिऱ्हाइकाने डबा आणून समोर ठेवला की काका पाठ फिरवीत, डब्याच्या कोपऱ्यावरची चिठ्ठी न बघताच योग्य तो खण ओढीत, दोन बोटांनी चकती अलगद उपसून खिडकीकडे धरीत, आणि तिच्यावर ओरखडा नाही ना, हे उजेडाला विचारून मगच ती डब्यात बसवीत. बसताना 'टक' असा बारीक आवाज होई. तो आल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे ना काका मानीत, ना गिऱ्हाईक. त्या रस्त्यावरच्या कित्येकांच्या बालपणीच्या सुखाला एक आवाज होता, आणि तो हा होता.

पुढे दिवस फिरले. ते एकदम फिरले नाहीत. संध्याकाळ होते तसे, दिवा लावावा का असे वाटेपर्यंत काळोख झालेला असतो तसे फिरले. आधी दुकानातल्या कोपऱ्यातल्या यंत्रावर खेळून बघायला येणारी मुले कमी झाली. मग डब्याचा फोटो काढून 'घरी विचारून सांगतो' म्हणणारी माणसे आली, ती घरी जाऊन बहुधा फोनलाच विचारीत. मग चकती गिळायला तोंडच नसलेली यंत्रे निघाली. त्यांतले खेळ तारेतून उतरू लागले, घरातली माणसे झोपलेली असताना, चोरासारखे. शेवटी शेवटी कंपन्यांकडून येणाऱ्या नव्या डब्यांतही चकती नसे. आत आकडे छापलेला एक कागदाचा कपटा असे. तो पहिल्यांदा हाती आला तेव्हा काकांनी डबा उलटा करून बराच वेळ हलवला होता.

दुकानासमोर बसथांबा होता, आणि आता काकांची निम्मी गिऱ्हाइके म्हणजे बस चुकलेली माणसे. ती आत येत, डबे चाळीत, फोन चार्ज होईल का विचारीत, आणि बस दिसली की डबा उलटा ठेवून धावत. काका तो सुलटा करून ठेवीत.

तेव्हा काकूंनी विषय काढला. काकूंचा विषय काढण्याचा प्रकार असा, की तो निघाला हे कळेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असे. जागा नखे रंगवणाऱ्या एका ताईला द्यायची, किल्ली सोमवारी संध्याकाळी, आणि मंगळवारपासून काकांनी काकूंच्या धाकट्या भावाच्या गाद्यांच्या शोरूममध्ये जायचे, असे ठरले.

"त्याला विश्वासाचं माणूस हवंच आहे," काकू म्हणाल्या. "आणि तुम्हाला तरी काय, इथेही बसूनच असता. तिथे निदान मऊ असेल."

काकांनी मान डोलावली. वाद घालणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते. त्यांच्या मनात उत्तरे येत, पण ती बस चुकलेल्या माणसांसारखी, उशिरा पोचत. एकच गोष्ट त्यांनी मनाशी पक्की धरली. आपल्या दुकानातून कुणी कधी फसून गेलेले नाही. दुकान जायचे तर जावो, पण शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत हे खरे राहिले पाहिजे. किल्ली द्यायची ती स्वच्छ हाताने.

विक्रीचा पहिला दिवस शुक्रवार. काचेवर 'अर्धी किंमत' असा फलक लागला, आणि मदतीला म्हणून मेहुणा येऊन स्टुलावर बसला. हा मेहुणा म्हणजे मोठे प्रस्थ. उभ्याने झोपणाऱ्या माणसालाही तो उशी विकेल, अशी त्याची ख्याती होती. त्यातून आवाज असा, की शोरूममध्ये बोलू लागला तर पलीकडच्या गल्लीतली माणसे गादी दाबून बघत.

तासाभरात एक टायवाले गृहस्थ आले. त्यांनी युद्धाच्या खेळाचा डबा उचलला.

"कुणाला हवाय?" काकांनी विचारले.

"भाचा आहे. दहावं लागलंय."

"मग हा नको. यात रक्त फार आहे. घरी यंत्र कुठलं आहे त्याच्याकडे?"

"यंत्र लागतं का?"

"लागतं."

"नुसता नाही चालत?"

"नाही." काकांनी क्षणभर विचार केला. "रंगपेटी द्या त्याला. पुढच्या चौकात दुकान आहे, मी सांगितलं म्हणा."

गृहस्थ आभार मानून निघून गेले. त्यांच्या मागून आलेल्या दोन मुलींना काकांनी सांगितले की हा खेळ छान आहे, पण शेवटी फार निराशा होते. आणखी एकाला सांगितले की दुसरा भाग पहिल्याइतका उतरलेला नाही. स्टुलावर मेहुणा कपाळाला हात लावून बसला होता.

"दाजी," शेवटी तो म्हणाला, "तुम्ही दुकान बंद करताय की समाजसेवा?"

"खोटं कसं सांगायचं?"

"खोटं सांगायला कोण म्हणतंय? गप्प बसा, एवढंच म्हणतो. उद्या तुम्ही घरी थांबा. आमच्या ताईला विचारलंय मी. तुमचा चेहरा बघून गिऱ्हाइकाला वाटतं, कुणाच्या तरी घरी भेटायला आलोय."

"बरं. पण ते खणांचं तेवढं समजून घे. चिठ्ठीवर जो—"

"दाजी, मी गाद्या विकतो. हे तर हातात मावतं. तुम्ही मला विकायला शिकवणार का?"

काकांनी ओढायला घेतलेला खण पुन्हा आत सारला. चपलांच्या दुकानात मांडणीवर एकच पाय असतो हे जसे कुणाला सांगावे लागत नाही, तसेच हेही असावे, असे त्यांना वाटले. उत्तर उशिरा पोचले. तोवर मेहुणा निघून गेला होता.

शनिवारी काका घरी थांबले. त्यांनी एक बल्ब बदलला, जो चांगला चालत होता. दुपारी ते झोपले, उठले, पुन्हा झोपले. संध्याकाळी राहवेना, तेव्हा दुकानाकडे गेले.

दुकानात एकही डबा नव्हता. मांडण्या उघड्या पडल्या होत्या, आणि डब्यांमागची भिंत एवढी पिवळी होती, हे काकांना तेव्हाच समजले. जमिनीवर गाद्यांच्या जाड प्लॅस्टिकचे तुकडे आणि चिकटपट्टीची संपलेली गुंडाळी पडली होती. मेहुणा गल्ल्यावर पाय ठेवून, डोळे मिटून बसला होता, लढाई जिंकलेल्या राजासारखा.

"या दाजी. धुऊन नेलं लोकांनी. एकेक डबा प्लॅस्टिकमध्ये बांधून दिला, गादी बांधतो तसा. वर फीत. थांब्यावरची माणसं बस सोडून आत आली, बोला."

काकांचा ऊर भरून आला. हा माणूस जन्मभर ज्या कामाची थट्टा करीत आला, ते त्याने एका दिवसात... इथवर विचार आला आणि त्यांची नजर कपाटाकडे गेली. त्यांनी वरचा खण ओढला. मग त्याच्या खालचा. मग सगळ्यांत खालचा, गुडघ्यावर बसून.

"तू इथून काही काढलंस?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"नाही बुवा. तुमच्या खासगी वस्तूंना मी हात लावत नाही. काय आहे त्यात?"

"खेळ आहेत."

"कुठले खेळ?"

"सगळे."

मेहुण्याने पाय खाली घेतले. "मग मी काय विकलं?"

"डबे."

बाहेर एक बस येऊन गेली. मेहुणा बोटाने गल्ल्यावरची धूळ पुसत राहिला.

"एकजण म्हणाला होता हलका लागतो म्हणून," तो म्हणाला. "मी म्हटलं, नवीन तंत्र आहे, वजन कमी केलंय." आणि थोड्या वेळाने, "तुम्हीच सांगत होता ना, हल्ली कंपन्याच रिकामे डबे विकतात? मग मी काय, काळाबरोबर गेलो."

"ते निदान कागद तरी घालतात."

"मीही पावती घातली आहे. बाहेरून चिकटवून."

काका जमिनीवरच बसून राहिले. इतक्या वर्षांत एकही डबा रिकामा गेला नव्हता; आता एका दुपारी झाडून सगळे गेले होते, आणि तेही फीत बांधून.

रविवारी सकाळी दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडले. शिव्याशाप देणारी गर्दी येणार हे गृहीत धरून काकूंनी पाण्याचे पेले मांडले, कारण ओरडून माणसाचा घसा सुकतो. मेहुणा मागच्या दाराने आला. त्याने डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा घातला होता, आणि त्या वेषात तो अधिकच तो दिसत होता. काकूंनी त्याला मागच्या खोलीत बसवले आणि बोलू नकोस म्हणून बजावले. ही शिक्षा त्याला फार मोठी होती.

काका गल्ल्यामागे उभे राहिले. मनात त्यांनी क्षमेची वाक्ये जुळवून ठेवली होती.

कुणीही आले नाही.

ऊन खिडकीतून आत आले, जमिनीवर सरकत गेले. पेल्यांतल्या पाण्यावर एक माशी बसली. काकू म्हणाल्या, "देव पावला. कुणाला पत्ताच लागलेला दिसत नाही." काकांना मात्र यात कुठल्याच देवाचा हात दिसेना. गर्दीला तोंड द्यायची त्यांची तयारी होती. या शांततेला तोंड कसे द्यावे हे त्यांना समजत नव्हते. शनिवारची रात्र गेली, रविवारची सकाळ उलटत आली, आणि एवढ्या डब्यांतला एकही डबा कुणी उघडला नाही? मग ते नेले तरी कशाला? एखाद्याने येऊन आपली कॉलर धरावी, अशी इच्छा त्या भिडस्त माणसाच्या मनात जन्मात पहिल्यांदा उगवली.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या, हातात फीत बांधलेले चार डबे घेऊन. काकांनी हात पुढे केला.

"हे बदलून मिळतील का?"

"मिळतील ना. चूक आमचीच आहे. मी आत्ता तुम्हाला—"

"मला निळे हवेत. हिरवे पडद्याला जात नाहीत."

"पडद्याला?"

"दिवाणखान्यात फळी आहे एक, मोकळी दिसते. पुस्तकं ठेवून बघितली, पण ती जड होतात हो."

"बाई, हे डबे रिकामे आहेत," काका कळवळून म्हणाले. "आत काही नाही."

बाईंनी एक डबा कानाशी हलवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरंच झालं की. मग भिंतीलाच चिकटवते."

निळे नव्हते म्हणून त्या हिरवेच घेऊन गेल्या. चकत्या त्यांनी नाकारल्या. उगाच घरात धूळ होते म्हणाल्या. मागच्या खोलीतून मेहुण्याचा आवाज आला, "बघा, दाजी, समाधानी गिऱ्हाईक," आणि पाठोपाठ काकूंचा "श्शू".

त्यानंतर नखांच्या ताई आल्या, हातात मापाची टेप. लहानखुऱ्या, चटपटीत, बोलताना दहाही बोटे जराशी हवेत धरण्याची सवय असलेल्या. त्यांनी खिडकी मोजली, भिंत मोजली, बोलता बोलता काकांनाही जवळजवळ मोजले.

"सगळं विकलं ना, काका? उद्या संध्याकाळी माझ्या खुर्च्या येणार आहेत."

"विकलं," काका म्हणाले, "पण दिलेलं नाही."

ताईंना याचा अर्थ लागला नाही. त्यांनी मान हलवली आणि दरवाजा मोजायला गेल्या.

दुपार कलली तेव्हा दारात एक दाढीवाला, धिप्पाड माणूस उभा राहिला. तो आत येईना, जाईना. अंगावर लिफ्टदुरुस्तीवाल्यांचा निळा डगला, हातात फुटबॉलच्या खेळाचा डबा. काकांनी निरखून पाहिले आणि दाढीच्या आतला मुलगा त्यांना दिसला.

"राखीव?"

दाढी हसली. कोपऱ्यातल्या यंत्रावर पोरांची टोळी हाच खेळ खेळायची तेव्हा याचा नंबर कायम शेवटी असे, आणि नंबर येईपर्यंत याच्या घरून हाक येई. कधी एकदाही खेळायला न मिळालेल्या त्या पोराचे नाव काकांनीच 'राखीव' ठेवले होते.

"काका, एक विचारू? रागावू नका," राखीव म्हणाला. "काल बसमधून चाललो होतो. फलक बघितला आणि उतरलो. म्हटलं, आता तरी आपला नंबर लावू. जुनं यंत्र माळ्यावरून काढलं, पुसलं. आणि..." त्याने मान खाली घातली. "चकती हरवली माझ्याकडून."

"हरवली?"

"डबा उघडताना पडली असणार, दुसरं काय. सगळं घर पालथं घातलं. सोफा उलटा केला. सासूबाईंची कवळी सापडली, वर्षभर शोधत होत्या. चकती नाही. बायकोला बोललो, आता ती बोलत नाही. दुसरी मिळेल का? मी पुन्हा पैसे देतो."

काकांनी डबा त्याच्या हातून घेतला.

"अरे, तुझ्याकडून नाही हरवली. डबा रिकामाच होता."

राखीव समजुतीने हसला. "काका, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"खरंच रिकामा होता."

"तुम्ही कधी रिकामा डबा दिला आहे का? या दुकानात? मी इथे उभा राहून हजार वेळा 'टक' ऐकलंय. दुसऱ्यांच्या डब्यांचं असेल, पण ऐकलंय."

"ऐक माझं. मी नव्हतो काल. माझा मेहुणा होता."

"मेहुण्यावर ढकलायचं असेल तर आमच्याकडेही एक आहे," राखीव म्हणाला. "जाऊ द्या ना. चूक माझी आहे, मी मान्य करतोय."

आयुष्यात वाद न घातलेल्या काकांवर स्वतःचा गुन्हा सिद्ध करण्यासाठी वाद घालण्याची पाळी आली, आणि त्यातही ते हरत होते. शेवटी त्यांनी मागच्या खोलीचे दार उघडले. टोपी आणि काळा चष्मा घातलेला साक्षीदार बाहेर आला.

"मीच दिला," मेहुणा म्हणाला. "रिकामा. मला वाटलं, डबा म्हणजेच खेळ."

राखीवने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि कुठेतरी त्याची खात्री पटली. "मग बायकोला मी जे बोललो, त्याचं काय?" तो पुटपुटला.

काकांनी पाठ फिरवली, खण ओढला, चकती उजेडाला धरली. टक. दाढीवाला माणूस तो आवाज ऐकून डोळे मिटून उभा राहिला, आणि मग डबा डगल्याच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवून गेला.

काका दाराकडे बघत होते. "अगं," ते काकूंना म्हणाले, "कुणी का येत नाही, कळलं मला."

"का?"

"सगळे आपापले सोफे उलटे करताहेत."

ती कल्पना त्यांना बसू देईना. शहरभर, घराघरांतून, माणसे पलंगांखाली रांगताहेत, लेकरांना दटावताहेत, आपल्याच वेंधळेपणाला बोल लावताहेत. आणि इतक्या जणांतल्या एकाच्याही मनाला शिवत नाही, की चकतीकाकांनी रिकामा डबा दिला असेल. सबंध आयुष्य मिळवलेला विश्वास असा एकाएकी व्याजासकट समोर येऊन उभा राहिला, आणि काकांना त्याचे ओझे पेलवेना. फसवले म्हणून शिव्या दिल्या असत्या तर त्या झेलता आल्या असत्या.

त्यांनी फलकाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिले: 'डबा रिकामा निघाल्यास घरात शोधू नये. चकती इथे आहे. चूक आमची.' काकूंनी 'क्षमस्व' घालायला लावले. मग काका मेहुण्याकडे वळले, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा त्यांना उत्तर वेळेवर सुचले.

"तुझ्या आवाजाने गेलेत ते डबे. तुझ्याच आवाजाने परत येतील. टोपी काढ."

सोमवारी दिवस उगवल्यापासून मेहुणा बसथांब्यावर उभा होता. थांबलेल्या प्रत्येक बसच्या खिडकीशी जाऊन तो गर्जत होता, "शनिवारी इथून डबा नेलेल्यांनी सोफे सुलटे करा. आत चकती नव्हती. मला माहीत नव्हतं. दुकानात या." एका बसमधल्या प्रवाशांनी त्याला नाणे दिले. एका ड्रायव्हरने विचारले, "किती दिवसांपासून असं होतंय?" पण आवाज तो आवाज, बसबरोबर पुढच्या थांब्यापर्यंत गेला, तिथून फोनांत शिरला, आणि दुपारपर्यंत दुकानासमोर रांग लागली.

अशी रांग त्या फुटपाथने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. कुणी डब्यासकट, कुणी नुसती फीत घेऊन. एका आजीबाईंनी दोन दिवस नातीशी अबोला धरला होता. त्या नातीलाच घेऊन आल्या आणि काकांदेखत तिची क्षमा मागितली. एकाने डबा प्लॅस्टिकमधून सोडवताना कात्री मोडली होती, पण गादीवाल्यांचे प्लॅस्टिक चांगले म्हणून तो कौतुक करत होता. चौघेजण आले ते नुसते उभे राहायला. त्यांनी काही घेतलेच नव्हते, पण आवाज ऐकायचा होता. आणि टायवाले गृहस्थही आले. शुक्रवारी सल्ला ऐकून शनिवारी मेहुण्याकडून ते तोच युद्धाचा खेळ घेऊन गेले होते.

"रंगपेटी घेतली होती," ते ओशाळून म्हणाले. "पण यांनी इतकं छान समजावलं."

काका पाठ फिरवीत होते, खण ओढीत होते, उजेडाला विचारीत होते. टक. टक. त्यांची बोटे तरुण झाली होती. काकू गल्ल्याशेजारी उभ्या राहून पेले भरत होत्या आणि नवऱ्याकडे अशा नजरेने बघत होत्या, जशी त्यांनी बरीच वर्षे घडी घालून ठेवून दिली असावी.

संध्याकाळी ताईंच्या खुर्च्यांचा टेम्पो आला तेव्हा रांग संपली होती. ताई आत आल्या. काकांनी खिशातून किल्ली काढली, गल्ल्यावर ठेवली, आणि तिच्यावरचा हात काढला नाही.

"काका?" ताई म्हणाल्या.

"काही अजून यायचे आहेत," काकांनी सांगितले. खालच्या दोन खणांत चकत्या उरल्या होत्या. "कुणी परगावी गेलं असेल. कुणी महिन्याने उघडेल डबा, कुणी वर्षाने. येतील तेव्हा इथेच येतील. आणि मी इथे नसेन."

"अहो, घरी आणा त्या," काकू म्हणाल्या.

"घर कुणाला माहीत आहे? लोकांना दुकान माहीत आहे."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. ताईंनी गल्ल्याला वळसा घातला, गुडघ्यावर बसल्या, आणि कपाटाचा एक खण ओढून बघितला. तो अजिबात न करकरता बाहेर आला.

"हे कपाट तुम्ही कुठे नेणार आहात?"

"गाद्यांच्या दुकानात याचं काय काम?"

"मग मला राहू द्या. रंगांच्या बाटल्यांना असेच खण हवे होते." त्यांनी एक पाकीट उघडले, चकती उपसली आणि सहज खिडकीकडे धरली. काका बघत राहिले. ताईंचे एकही बोट चकतीच्या अंगाला लागले नव्हते. फक्त कडेला, दोन टोकांनी. ओल्या रंगाला दिवसभर जपणाऱ्या हाताला ते शिकवावे लागले नाही.

"इथे एक बारीक रेघ आहे," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे घासायचं यंत्र आहे, नखांचं. काढून देऊ?"

काकांनी चकती हातात घेऊन तिरपी केली. रेघ होती. त्यांना दिसली नव्हती.

"खालचे दोन खण तुमचे," ताई म्हणाल्या. "कुणी आलं की तुम्हाला फोन करीन. चालेल?"

काकांनी किल्लीवरचा हात उचलला.

मंगळवारी ते गाद्यांच्या शोरूममध्ये रुजू झाले. मेहुण्याने त्यांना एक टेबल दिले, मापाची एक पट्टी दिली, आणि कळकळीची सूचना दिली की गिऱ्हाइकाला प्रश्न विचारू नयेत. दोन आठवडे काकांनी ती पाळलीही. शोरूममध्ये सगळे काही समोर मांडलेले होते. मागे कुठे खण नव्हता, आणि कुठल्याही वस्तूचा आवाज होत नव्हता. एवढ्या मऊपणात माणसाचे पाऊलसुद्धा बुडून जाई.

मग एका दुपारी फोन वाजला.

"काका, एक मुलगी आली आहे," ताईंचा आवाज आला. मागे ड्रायरची घरघर होती. "डबा आजच उघडला म्हणते. मोटारींचा खेळ. चिठ्ठी निघून गेली आहे."

काकांनी डोळे मिटले. "खालून दुसरा खण. डाव्या हाताला, मागून तिसरं पाकीट. कोपरा दुमडलेला असेल."

"आहे."

"उजेडात धर."

"धरली. साफ आहे."

"आता मधोमध ठेव आणि अंगठ्याने दाब. घाबरू नकोस, मोडत नाही. आणि फोन जवळ ने."

ड्रायर थांबला. तिकडे कुणीतरी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला, नखं वाळेपर्यंत हलू नकोस, असे म्हणाले.

टक.

काकांनी फोन खाली ठेवला. समोर एक जोडपे जाड गादीवर शेजारी शेजारी पडून छताकडे बघत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर घ्यावी की न घ्यावी असा भाव होता. काकांनी इकडे तिकडे पाहिले. मेहुणा दारात कुणाला तरी उशी विकत होता.

"ही घेऊ नका," काका हळूच वाकून म्हणाले. "आधी सांगा, घरी पलंग कुठला आहे?"